उपग्रहावरचं स्वस्तिक

२ मार्च, रविवार. वर्षाची तूरडाळ आली आहे आणि तिला एरंडेल चोळायचं आहे. गच्चीवर चटई, चटईवर जुनी चादर, चादरीवर डाळ. दोन्ही हात तेलात असताना फोन वाजला. करंगळीने स्पीकर चालू केला. आमच्या कंपनीचे मालक होते.

"मॅडम, उद्याचं इन्स्पेक्शन वाळूजला आहे," ते म्हणाले आणि कारखान्याचं नाव सांगितलं.

मी डाळ चोळत राहिले.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"तुमचे दीर ना ते?"

"हो."

"दुसऱ्या कुणाला पाठवू का? नाही म्हणजे, उद्या कुणी म्हणायचं, वहिनीने दिराला पास केलं."

"तसं कुणी म्हणणार नाही."

ते हसले. त्यांना ही कथा निम्मी माहीत आहे. "तसंही सैन्याकडून एक साहेब येताहेत, दोघांच्या सह्या लागतील. आणि खरं सांगू का, त्यांच्या चुका तुमच्याइतक्या मन लावून दुसरं कोण काढणार."

फोन ठेवला तेव्हा निम्मी डाळ बाकी होती. तीही मी नीट, मूठ मूठ घेऊन चोळली. मन शांत होतं असं म्हणणार नाही. मला आनंद झाला होता. दिरांच्या कारखान्याला कधीतरी माझ्याकडून पास व्हावं लागेल, हे मी कित्येक वर्षं धरून होते.

आमची कंपनी शेंद्र्याला आहे. आम्ही छोट्या उपग्रहांचे सांगाडे जोडतो, आणि ज्या स्प्रिंगच्या पेटीतून उपग्रह वर गेल्यावर बाहेर ढकलला जातो ती पेटीही करतो. उपग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोनेरी कागदात गुंडाळलेलं धूड येतं. आमचे तसे नसतात. दिवाळीच्या चिवड्याचा मोठा डबा असतो, साधारण तेवढे. हे सैन्याचे प्रयोगाचे उपग्रह. एखादा नवा रेडिओ, एखादा कॅमेरा, उन्हात न तापणारा एखादा रंग, असं काहीतरी नवीन आत बसवायचं आणि वर पाठवून बघायचं, चालतं का. चाललं तर पुढे ते मोठ्या उपग्रहात जातं. नाही चाललं तर नाही. हा छोटा काही काळ फिरतो आणि खाली येता येता जळून जातो. आत काय आहे ते आम्हाला सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. आमचं काम डब्याचं. त्याचे भाग बाहेरचे कारखाने करून देतात, आणि नवा कारखाना घेण्याआधी तो मी तपासते. शेजारीण मला विचारते, "तुमचा उपग्रह गच्चीवरून दिसतो का हो?" मी तिला सांगते, सैन्याचा आहे, दिसला तर काहीतरी चुकलं समजा.

डब्याच्या कामात सगळ्यात कडक गोष्ट म्हणजे स्वच्छता. वर हवा नसते. धातूवर बोटाचा घाम राहिला, तेलाचा ओशटपणा राहिला, तर तो वाफ होऊन उडतो आणि जिथे गार जागा मिळेल तिथे जाऊन बसतो. ती गार जागा बरेचदा कॅमेऱ्याची काच असते. मग लाख खटाटोप करून वर पाठवलेल्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. म्हणून भाग धुवायचे, भट्टीत तापवायचे, हातमोजे घालून पिशवीत भरायचे, पिशवी सील करायची आणि सीलवर इन्स्पेक्टरने आपला शिक्का मारायचा. त्यानंतर क्लीन रूमच्या बाहेर ती पिशवी कुणीही उघडायची नाही. मालकानेसुद्धा नाही.

हे सगळं मी शिकले ते दिरांच्याच कारखान्यात. मी तिथे लागले तेव्हा तो दोघा भावांचा होता. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे आणि लग्नाआधी मी नोकरी करत होते, त्यामुळे माल तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. नवरा गेला तो तिथेच, जेवणाच्या सुट्टीत, हार्ट अटॅकने. दिवसकार्य उरकलं आणि मी कामावर जायला लागले. त्यावरून घरात बोलणी झाली. कपाळाची टिकली काढली नाही त्यावरूनही झाली. मी ऐकून घेतलं आणि दोन्ही चालू ठेवलं.

एक गोष्ट मात्र बंद झाली. खंडेनवमीला आमच्या एमआयडीसीत घरोघरी गणपती बसावेत तशा प्रत्येक शेडमध्ये मशीनच्या पूजा होतात. मशीन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, आणि मालकाच्या बायकोने ताट घेऊन एकेका मशीनला हळदीकुंकू लावत जायचं. थोरली सून म्हणून ते ताट माझ्याकडे असायचं. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी सवयीने ते उचललं. सासूबाई म्हणाल्या, "ठेव ते. धाकटी करेल." ओरडून नाही म्हणाल्या. जवळ उभ्या असलेल्या दोघातिघांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

तेव्हापासून जाऊ ताट घेऊन पुढे, तिच्यामागे दीर आणि गुरुजी, आणि मी दारात पेढ्यांच्या बॉक्सपाशी. सासूबाई गेल्यानंतर जावेने एकदा विचारलं होतं, "ताई, तुम्ही घेता का ताट?" मी काही बोलायच्या आत दीर म्हणाले, "कशाला उगाच? चाललंय तसं चालू द्या." पेढे वाटायला माझी हरकत नव्हती. पण त्या घरात हळदीच्या ताटाला माझा हात लागत नव्हता, एवढं लक्षात असू द्या. सगळं त्यावर आहे.

ज्या वर्षी उपग्रहाच्या पॅनेलचं, म्हणजे डब्याच्या बाजूंच्या पत्र्यांचं, काम पहिल्यांदा कारखान्यात आलं, त्या वर्षी खंडेनवमीला ती पॅनेलं तयार होऊन पडली होती. धुतलेली, तापवलेली, पिशवीत सील केलेली, वर माझा शिक्का. पाठवणी दसऱ्यानंतर. दीर सकाळी माझ्या टेबलाशी आले.

"वहिनी, ही पण ठेवू पूजेला. देशाचं काम आहे, देवापुढं जायला पाहिजे."

"ठेवा. पण कुंकू पिशवीवरून लावा. पिशवी उघडायची नाही."

"व्हय व्हय. पिशवीवरूनच."

पूजा झाली, मी पेढे वाटले, दसऱ्यानंतर पॅनेलं परगावी गेली. तिथल्या कंपनीने उपग्रह जोडला. मग दिवाळी झाली आणि दिरांना आणि मला तातडीने बोलावणं आलं.

एका अंधाऱ्या खोलीत टेबलावर आमचं पॅनेल ठेवलं होतं. माल तपासायला एक जांभळा दिवा असतो. त्याच्या उजेडात स्वच्छ धातू काळा दिसतो आणि मळ चमकतो. तिथल्या एका पोराने तो दिवा लावला. पॅनेलच्या मधोमध हिरवटपिवळं, ठसठशीत स्वस्तिक उजळलं. चारी टिंबांसकट, दोन्ही बाजूंना दोन दोन उभ्या रेघा. बोटाने काढलेलं. दिवा बंद केला की पॅनेल कोरं. कुणीतरी कपड्याने पुसलं होतं आणि डोळ्यांना ते गेलं होतं. पण हळद अशी जात नाही, ज्याने कुणी लग्नातले कपडे धुतलेत त्याला माहीत आहे.

दिवा धरलेल्या पोराला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही. उपग्रह हवा काढलेल्या भट्टीत घालून तापवल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर पातळ थर आला होता. तो कुठून आला ते शोधत शोधत ते लोक आमच्या पॅनेलपर्यंत पोचले होते. आता सगळा उपग्रह पुन्हा सुटा करायचा होता, आणि ज्या रॉकेटवर त्याला जागा मिळाली होती ते रॉकेट थांबणार नव्हतं.

सैन्याचे एक मोठे साहेब बसले होते, उत्तरेकडचे. त्यांनी विचारलं, "ये किसने किया?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सर, घर की लेडीज हैं," ते म्हणाले. "पूजा थी, श्रद्धा में कर दिया. इनको समझ में नहीं आया. मैं माफी माँगता हूँ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर टिकली. पिशवीवर शिक्काही माझा. घरची बाई आणि हळद, यात शंका घ्यायला कुणाला काय जागा होती? एका वाक्यात ते संपलं असतं. मी विधवा आहे, आमच्या घरात मला हळदीच्या ताटाला हात लावू देत नाहीत. पण ते वाक्य त्या खोलीत, त्या अनोळखी पुरुषांपुढे, हिंदीत जुळवून तोंडातून बाहेर काढायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात साहेब उठून गेलेसुद्धा.

परतताना गाडीत मी विचारलं, "पिशवी तुम्ही उघडलीत?"

"खालच्या बाजूनं. परत सील केली की मशीनवर. तुमच्या शिक्क्याला धक्का नाय लावला."

"आणि स्वस्तिक?"

"मीच काढलं. गुरुजी म्हणले, प्लास्टिकवरून पूजा पोचत नाय."

"आणि नाव माझं घेतलंत."

"वहिनी, कुणावर तरी ढकलायलाच लागतं हो. कामगारावर ढकललं तर म्हणतील, यांची माणसं धड नायत. माझ्यावर घेतलं तर कामच जातं. तुम्ही घरच्या. घरच्या माणसाचं काय जातंय?"

माझं काय गेलं ते सांगते. शिक्का गेला. त्या कंपनीने कळवलं की ही बाई आमच्या मालाजवळ नको. दीर म्हणाले, थोडे दिवस घरी बसा, प्रकरण थंड होऊ द्या. ते थंड झालं की नाही हे सांगायला त्यांचा फोन कधी आला नाही. मग मी दुसरीकडे नोकरी बघायला लागले तेव्हा कळलं, की सगळ्या एमआयडीसीत माझं नाव हळदवाली पडलं आहे. चिकलठाण्याला एका मुलाखतीत समोरच्याने विचारलं, "बाई, आमच्याकडं मशीनला पुरणपोळीचा नैवेद्य तर नाय ना दाखवणार?" टेबलापलीकडचे सगळे हसले. त्यातले दोघे आज आमचे पुरवठादार आहेत. त्यांचा माल मी दोनदा तपासते.

आत्ताच्या मालकांनी मुलाखतीत सरळ विचारलं होतं, "खरंच तुम्ही लावली होती हळद?"

"नाही."

"मग कुणी?"

"ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. चार माणसांत. तेवढं झालं की माझं काम झालं."

"बरं," ते म्हणाले. "तोपर्यंत आमचं करा."

सोमवारी सकाळी सैन्याकडून आलेल्या साहेबांना क्रांती चौकातल्या हॉटेलवरून घेतलं. हे नागपूरकडचे निघाले, चाळिशीचे, बोलके. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "तुमच्या इथे पोह्यांवर तर्री नाही देत? नुसते कोरडे पोहे माणसाने गिळायचे कसे?" मग वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "हे ते हळदीवाले ना?"

"तेच."

"आम्हाला ट्रेनिंगला तो फोटो दाखवतात. जांभळ्या उजेडातलं स्वस्तिक. पिढ्यानपिढ्या दाखवतील. त्या बाईचं पुढे काय झालं कोणास ठाऊक."

"कुठेतरी नोकरी करत असेल," मी म्हटलं.

फाटकाशी दीर पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. साहेबांना गुच्छ दिला आणि दुसरा द्यायला माझ्याकडे वळले, तेव्हा त्यांना मी दिसले. हात तसाच राहिला. मग त्यांनी गुच्छ दिला आणि म्हणाले, "या मॅडम." मीही म्हटलं, "नमस्कार."

दुपारपर्यंत मी त्यांनी केलेले सांगाड्याचे भाग तपासत होते. चूक हवी होती मला, आणि भरपूर हवी होती. कडा मोजल्या, भोकं मोजली, कोपऱ्यांत भिंग धरून पाहिलं, पिशव्यांची दोन्ही टोकं पाहिली, जांभळ्या दिव्याखाली सगळे भाग उलटसुलट केले. माल चांगला होता. नुसता चांगला नाही, आमच्या आत्ताच्या पुरवठादारापेक्षा चांगला. क्लीन रूम मी जशी बसवून दिली होती तशीच होती, बुटांच्या कपाटाची जागासुद्धा. याचा मला जास्त राग आला. माझ्याच पद्धतीने काम करत होते आणि मी मात्र हळदवाली.

जेवणानंतर ऑफिसात बसलो. आम्ही दोघे, दीर, आणि त्यांचा क्वालिटीचा माणूस. साहेब मालावर खूश होते. त्यांनी चहाचा कप बाजूला केला आणि विचारलं, "एक जुनी गोष्ट बाकी आहे. ती हळदीची केस. मूळ कारण काय काढलं होतं तुम्ही?"

आमच्या कामात चूक सापडली की ती का झाली ते शोधावं लागतं, आणि ते कारण काढून टाकलं हे दाखवावं लागतं. कारण चुकीचं असेल तर चूक दुरुस्त झाली असं कुणी धरत नाही.

"माणसाची चूक, सर," दीर म्हणाले. "ट्रेनिंग कमी पडलं. ते माणूस आपण काढून टाकलं, आणि पूजा आता शेडच्या बाहेर करतो."

"कोणत्या माणसाची चूक?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसेन असं त्यांनी सकाळपासून धरलं होतं. मागच्या वेळी मी बसले होते.

"आता कशाला ते, वहिनी."

साहेबांनी मान वर केली. "वहिनी?"

"मी यांच्या थोरल्या भावाची बायको," मी साहेबांना सांगितलं. "पिशवीवर शिक्का माझा होता. हळद मी लावली, असं यांनी तेव्हा सांगितलं."

"म्हणजे ती बाई तुम्ही."

"हो. त्या वर्षीच्या खंडेनवमीच्या आधी माझा नवरा वारलेला होता. आता यांना विचारा, की तुमच्या घरात खंडेनवमीला हळदीचं ताट कुणाच्या हातात असतं."

या वेळी ते वाक्य मराठीत होतं आणि जुळवायला वेळ लागला नाही. साहेब विदर्भातले. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दिरांकडे वळून विचारलं, "कुणाच्या हातात असतं हो?"

"आमच्या मिसेसच्या," दीर म्हणाले.

"वहिनींच्या कधी?"

"नाय. म्हणजे दादा गेल्यापासून नाय. रीत असते ना, सर, एकेका घरची."

"मग स्वस्तिक तुमच्या मिसेसनी काढलं?"

"नाय नाय. तिचा काय संबंध नाय. गुरुजी म्हणले होते, की..."

"गुरुजींनी काढलं?"

त्यांचा क्वालिटीचा माणूस टेबलावरची धूळ नसलेली जागा बोटाने पुसत होता. दिरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"पिशवी कुणी उघडली?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले.

"आणि स्वस्तिक?"

"मीच."

मला वाटलं होतं हे ऐकल्यावर डोळ्यांत पाणीबिणी येईल. काही आलं नाही. बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि आणखी हवं असं वाटलं.

गाडीत साहेब म्हणाले, "सकाळी बोलला नाहीत मला."

"मी सांगितलं असतं तर ते एका बाईचं म्हणणं झालं असतं."

"तेही खरं." पुढे ते म्हणाले, "माल चांगला आहे. जुनं कारण दुरुस्त करून द्या या अटीवर पास करता येईल. नापासही करता येईल, कारण खोटं दिलं तेवढं पुरेसं आहे. माल तुमच्या कंपनीत येणार, तेव्हा शेरा तुम्ही लिहा. मी उद्या सकाळी तुमच्या ऑफिसला येतो, सही करतो आणि विमानतळ गाठतो."

संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा बेल वाजली. दीर आणि जाऊ. ती भरजरी साडीत, हातात रुमालाने झाकलेलं ताट. माझ्या या घरी ती पहिल्यांदाच येत होती, त्यामुळे आधी सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "हवा छान येते ताई तुमच्याकडं." मग रुमाल काढला. हळद, कुंकू, तिळाच्या वड्या आणि वाण म्हणून एक स्टीलचा डबा.

"संक्रांतीचं राहून गेलं होतं," ती म्हणाली.

"रथसप्तमी होऊन महिना झाला," मी म्हटलं.

"आपल्या माणसांत कसली आलीय रथसप्तमी." तिला माझ्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. वाईट बाई नाही ती. तिला सांगून आणलं होतं.

दीर खुर्चीच्या टोकावर बसले होते. "वहिनी, आज तुम्ही म्हणलात तसं मी बोललो. चार माणसांत बोललो. लई झालं आता. दादाचा पण कारखाना आहे तो. ह्या कामावर मी नवीन मशीन घेतलीय, पोरं कामाला घेतलीत. अटीवर पास केलं तरी चालेल. मी सगळं दुरुस्त करून देतो."

"काय दुरुस्त करून देता?"

"काय म्हणाल ते. येत्या खंडेनवमीला तुम्ही या. ताट तुम्हीच घ्या. कुणी काय म्हणत नाय आता, जमाना बदललाय."

म्हणजे सगळं ठाऊक होतं त्यांना. माझ्यापासून काय काढून घेतलं होतं आणि ते किती सहज परत देता येण्यासारखं होतं, दोन्ही. इतकी वर्षं फक्त ते परत देण्याचं कारण पडलं नव्हतं.

जावेने चिमटीत कुंकू घेतलं आणि थांबली. "लावू का, ताई?"

"लाव," मी म्हटलं आणि कपाळ पुढे केलं. तिने हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत वाण दिलं. मी तिच्या कपाळाला परत हळदीकुंकू लावलं आणि दोघांना चहा दिला. दिरांनी तिळाची वडी स्वतःच उचलून खाल्ली आणि त्यांचे खांदे खाली आले. निघताना दारात म्हणाले, "येतो वहिनी. मनावरचं ओझं उतरलं." मी म्हटलं, "सावकाश जा, रस्त्यात खड्डे आहेत." मी काही कबूल केलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. त्यांच्या हिशेबात कपाळ पुढे केलं म्हणजे झालं.

मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखी आंघोळ करून, डबा भरून, साहेबांच्या आधी ऑफिसात पोचले. मोबाईलवर दिरांचा मेसेज होता, हात जोडलेले आणि फुलं. शेऱ्याच्या जागी मी लिहिलं: नापास. खाली पुन्हा अर्ज करायचा असल्यास एक अट लिहिली. हळदीच्या केसचं खरं कारण त्यांनी स्वतःच्या नावाने आणि सहीने जुन्या सगळ्या ग्राहकांना कळवावं, आणि जिथे जिथे तो फोटो ट्रेनिंगला दाखवतात तिथेही कळवावं. पिशवी कुणी उघडली, स्वस्तिक कुणी काढलं आणि दोष कुणावर घातला, हे तिन्ही त्यात यावं.

साहेबांनी वाचलं. "अटीवर पास नाही?"

"नाही. जो माणूस कारण खोटं सांगतो त्याचं पुढचं प्रत्येक कारण मला उकरून बघावं लागेल. माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत."

"आणि हे आणखी काय?" त्यांनी अटीवर बोट ठेवलं.

"ते माझं."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली.

निकाल ऑफिसमधून मेलने गेला असता. मी तो स्वतः फोन करून सांगितला, कारण मला आवाज ऐकायचा होता. दीर शेडमध्ये होते, मागे मशीन चालू होतं.

"नापास आहे," मी म्हटलं.

त्यांनी मशीन बंद करायला लावलं. "वहिनी, काल तर तुमच्या जावेनं..."

"तिने छान लावलं. तिला सांगा." मग मी त्यांना अट वाचून दाखवली, सगळी, मधे न थांबता. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक, पण फोन त्यांनी कापला नाही. वाचून झाल्यावर मीच ठेवला.

त्यानंतर यादीतल्या पुढच्या पुरवठादाराला फोन लावला. बिडकीनकडचा एक नवा कारखाना, दोघे भाऊ चालवतात. थोरल्याने उचलला. "आओ मॅडम, जब बोलो तब," तो म्हणाला, आणि मग जरा बिचकत, "तुम्ही स्वतः येणार का?" मी म्हटलं, मी स्वतःच येणार, गुरुवारी सकाळी, आणि तोपर्यंत भाग धुऊन ठेवा.